चाळीसच्या वर नाही

आमच्या घरची अँबेसेडर अख्ख्या धरणगावात तिच्या संथपणासाठी ओळखली जायची. लोटननाना, म्हणजे माझे सख्खे काका, ती चालवायचे. गाडी गल्लीतून निघाली की ओट्यावरची रिकामटेकडी मंडळी ओरडायची, "लोटनभाऊ, आम्ही पायी जातस, एरंडोलले भेटसूत!" नाना हसायचे नाहीत आणि चिडायचेही नाहीत. नुसती मान हलवायचे आणि त्याच चालीने पुढे जायचे. काटा चाळीसला टेकला की तिथेच बसून राहायचा.

चाळीसचा नियम नानांचा नव्हता, माझ्या वडिलांचा होता. त्यांचं नाव रुपचंद, पण घरात आणि भाऊबंदांत सगळे त्यांना आबा म्हणत, मीसुद्धा. गाडी त्यांनी जळगावच्या एका डॉक्टरकडून जुनीच घेतली होती. पहिल्या दिवशी तिला हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि जाहीर केलं, "चाळीसना वर नही. गाडी घरनी इज्जत शे, उडाडानी वस्तू नही." त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. ज्यांना एखादी गोष्ट येत नाही त्यांचेच तिच्याबद्दलचे नियम कडक असतात, हे मी आधी माहेरी पाहिलं आणि मग सासरीही पाहिलं.

नाना आबांपेक्षा बारा वर्षांनी लहान. आजोबा लवकर गेले, आबांनी धाकट्या भावाला वाढवलं, आणि ते उपकार नाना जन्मभर मानेवर घेऊन चालले. शाळा सोड म्हटलं, सोडली. विहिरीवरची मोटार सांभाळ म्हटलं, सांभाळली. गाडी शीक म्हटलं, शिकले. माणूस अंगाने काटकुळा, खांदे पुढे आलेले, नखांत कायम काळं ऑइल. ऐन तिशीतही चेहरा असा की आत्ताच कुठून तरी लांबून चालत आलेत आणि अजून पाणीसुद्धा प्यायलेले नाहीत. लहानपणी मला वाटायचं, नानांना कोणी पोटभर झोपूच देत नसेल. मोठी झाल्यावर कळलं की ज्याला दिवसभर दुसऱ्याच्या मनाने वागायचं असतं, त्याचा शीण झोपेने जात नाही.

नानांची एकुलती एक लेक मंजुळा. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण आम्ही दोघी एकाच ताटात जेवलेल्या. तिचं लग्नही आबांनीच ठरवलं. स्थळ धुळ्याच्या पलीकडचं, साक्री रस्त्याला नेरच्या पुढे आत फुटलेल्या एका गावातलं. मुलगा हिलाल, शेती बरी, माणसं बरी. फक्त लांब. वच्छलाकाकू, म्हणजे मंजुळाची आई, एरवी मोठ्या दिरापुढे तोंडातून ब्र काढायची नाही. पण त्या दिवशी चुलीपुढे बसून ती नानांना म्हणाली, "एकच पोर शे. तिले इतली दूर कसाले देतस?"

आबांना नाही म्हणायची हिंमत नानांत नव्हती. मग त्यांनी बायकोची समजूत काढली. म्हणाले, "दूर कोठे शे? दोन तासनी वाट शे. निरोप उना का दोन तासमा पोचसू."

हे साफ खोटं होतं. आमची गाडी चाळीसने निघायची, पारोळ्याच्या अलीकडे तिचं पाणी उकळायचं, बॉनेट उघडून अर्धा तास कडुलिंबाखाली थांबायचं, आणि असं करत करत मंजुळाच्या दारात पोचेपर्यंत पाच तास व्हायचे. लग्नानंतर पहिल्यांदा लेकीला घालवून आले त्या दिवशी काकूने काही विचारलं नाही. तिने फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नाना जेवले नाहीत.

नानांचा एकच मित्र होता, इसाक मिस्तरी. धुळ्यात आग्रा रोडला त्याचं गॅरेज होतं, वर पत्रा आणि बाजूला तट्ट्याची भिंत. आमच्या गाडीचं सगळं काम त्याच्याकडे. कुठल्याशा कारखानदाराची काँटेसा त्या वर्षी घाटात उलटली होती. तिचा पत्रा पार चेपला होता, पण इंजिन धडधाकट होतं, आणि ते भंगारवाल्याकडून इसाकच्या गॅरेजात आलं होतं. जपानी बनावटीचं, आमच्या गाडीच्या इंजिनापेक्षा कितीतरी दमदार. नाना त्याच्यापाशी बराच वेळ उभे राहिले, असं इसाकने मला नंतर सांगितलं. मग म्हणाले, "इसाक, हाई आपला गाडीमा बशी का?"

इसाक हसला. मग त्याच्या लक्षात आलं की समोरचा माणूस थट्टा करत नाहीये.

आबांना सांगितलं, इंजिनकाम काढलंय, आठ दिवस लागतील. इसाकने गाडी उघडून पुढची दांडी कापली, इंजिन टेकवायला नवे पाय जोडले, गिअरबॉक्सही त्या काँटेसाचाच बसवला आणि सायलेन्सर असा बांधला की आवाज जुन्यासारखाच दबका राहावा. वरून सगळं तेच: तोच फिकट पिवळा रंग, मागच्या काचेला तेच पडदे, डॅशबोर्डवर तोच गणपती. कागदावर इंजिन जुनं आणि बॉनेटखाली नवं. पकडलं गेलं असतं तर गाडी जप्त झाली असती. पण नानांना आरटीओची भीती नव्हती, आबांची होती. म्हणून इसाकने शेवटी एक गोष्ट केली. बाभळीच्या लाकडाचा बोटभर जाड गुटका तासून ॲक्सिलरेटरखाली बसवला. त्यामुळे पाय कितीही दाबला तरी अर्ध्यावर अडायचा. गुटका होता तोवर गाडी चाळीसचीच. "बाहरसे वोही बैलगाडी," इसाक म्हणाला, "और गुटका निकाला तो फिर खुदा हाफिज."

आयुष्यात नानांनी आबांच्या शब्दाबाहेर जाऊन केलेली ही एकच गोष्ट, आणि तीही बॉनेटखाली झाकून. मला त्यांचा राग येतो कधी कधी. अहो, सरळ सांगायचं ना मोठ्या भावाला, की मला लेकीकडे लवकर पोचायचंय! पण सरळ सांगणं आमच्या घराण्याला मानवत नाही. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मंजुळाला हे गुपित दिवाळीनंतर कळलं. नाना तिला सासरी सोडायला निघाले होते आणि ती धुळं सोडल्यापासून रडत होती. पुढे रस्ता मोकळा लागला तशी नानांनी गाडी बाजूला घेतली, खाली वाकले, पायाखालून लाकडाचा तुकडा काढून तिच्या ओटीत टाकला आणि म्हणाले, "रडू नको, बेटा. देख, कितलं दूर शे ते." आणि गाडी सोडली. मंजुळा सांगायची, रस्त्याकडेची झाडं दिसेनाशी झाली, पदर उडून मागच्या सीटवर गेला आणि ती रडता रडता ओरडायला लागली, "नाना, हाई आपलीच गाडी शे का?" नाना त्या दिवशी हसले. तिच्या आठवणीत बापाचं असं मोठ्याने हसणं तेवढं एकच. उतरताना त्यांनी गुटका परत मागून घेतला आणि बजावलं, "कोनले सांगू नको. पन तुले काही व्हयनं, तर कोनी वाट देखू नको. फक्त माले फोन कर."

एकोणनव्वदची आखाजी. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, पुरणपोळी आणि आंब्याचा रस खातात, आणि सासरचं सगळं गाऱ्हाणं गाण्यातून ओकून टाकतात. मी आले होते. मंजुळा आली नव्हती. तिला सातवा महिना लागत होता आणि सासूचं म्हणणं पडलं की बाळंतपणाला एकदमच पाठवू, दोनदा हेलपाटा कशाला. झोक्यावर मी एकटीच बसले आणि मला करमेना.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अंगणात शेवया वाळत घालत होतो. तेवढ्यात कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातला कारकून जीवराम आला. त्या भागात फोन तेवढाच. त्याने आबांना बाजूला बोलावलं, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि हळूच म्हणाला, "आबा, मंजुळाना सासरना फोन उना. मंजुळा सिरीयस शे. गाडी लई ताबडतोब निंघा म्हणे."

आता हे नीट सांगायला हवं. आमच्याकडे माणूस मेलं असं फोनवर किंवा तारेत कोणी कळवत नाही. सिरीयस आहे, लवकर या, असंच कळवतात. माझा मामा सिरीयस होता तेव्हा आम्ही पोचलो तर तिरडी बांधून तयार होती. आजी सिरीयस असल्याची तार आली तेव्हा आईने तार वाचायच्या आधीच चूल विझवली. ऐकणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून ही सोय. शहाणी माणसं बरोबर ओळखतात, आणि कमी शहाण्यांना गावात शिरल्यावर ओट्यावरची गर्दी बघून कळतं. पण खरोखरच सिरीयस असलेल्या माणसाबद्दल काय कळवायचं, याचा विचार आमच्या लोकांनी कधी केलाच नाही.

आबांनी डोळे मिटून घेतले. एवढं पुरलं. माझ्या हातातलं शेवयांचं ताट खाली पडलं. ताईबाई आत्या, आबा-नानांची विधवा बहीण, पदर तोंडात कोंबून गोठ्यात पळाली. नाना गाडीपाशी बसून पाण्याने काच पुसत होते. त्यांना आबांनी काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. मी फक्त पाहिलं की फडकं त्यांच्या हातातून गळलं आणि नाना ते उचलायचं विसरले.

"वच्छलाले सांगू नका," आबा आम्हाला म्हणाले. "पोर बिमार शे, इतलंच सांगा."

तेवढंच सांगितलं. काकूने लगबगीने बाजरीच्या भाकरी फडक्यात बांधल्या, मेथीचे लाडू डब्यात भरले, लेकीसाठी शिवलेलं मऊ दुपटं घेतलं आणि सगळ्यांच्या आधी जाऊन गाडीत बसली. आम्ही तिच्याकडे बघतही नव्हतो.

पुढे नाना आणि आबा. मागे काकू, आत्या आणि मी. गाडी एरंडोलला कापड दुकानापाशी थांबली. लेक मेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं आणि ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत, हे सांगायची गरज नाही. आखाजीमुळे दुकान बंद होतं. आबा दुकानदाराच्या घरी गेले, तो जेवत होता, त्याचं जेवण होईपर्यंत थांबले, मग त्याने कुलूप काढलं. काकू विचारत राहिली, इथे कशाला थांबलो. आत्या म्हणाली, आबांना पानं घ्यायचीयेत. हिरवं लुगडं कागदात गुंडाळून डिकीत गेलं. पारोळ्याला पुन्हा थांबलो. तिथले चुडामण तात्या भाऊबंदांत वडीलधारे, त्यांच्याशिवाय अशा जागी जायचं नसतं. ते शेतात होते, त्यांना बोलावणं पाठवलं, ते आले, आंघोळ करून पांढरं धोतर नेसून मग पुढच्या सीटवर आबांच्या शेजारी दाटीने बसले.

आणि गाडी चाळीसने चालली होती.

"आवं, जरा बेगीबेगी हाका ना," काकू मागून म्हणाली. "पोर वाट देखत व्हई."

 आबांनी नानांच्या मांडीवर हात ठेवला. "सावकाश, लोटन. आते घाई कसानी?"

"घाई नही कशी?" काकू एकदम म्हणाली. आबांना उलट उत्तर देताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. "पोर बिमार शे ना?"

नानांचे खांदे हलताना मला मागून दिसत होते. गाडीच्या धक्क्यांनी नव्हे. दोन वर्षं त्यांनी ते इंजिन जपलं होतं, दर आठवड्याला ऑइल बघितलं होतं, एका निरोपाची वाट पाहत. निरोप आला तो असा. आता कोणासाठी पळायचं? त्यांच्या पायाखाली तो गुटका होता आणि त्यांनी तो काढला नाही. मी त्या बापाला दोष देत नाही. मेलेल्या लेकीकडे कोणता बाप वेगाने जाईल? जितका उशीर, तितका वेळ ती अजून जिवंत असल्यासारखी.

गावात शिरलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. हिलालच्या दारात गर्दी होती. आम्हाला हवी होती ती खूण मिळाली. आत्या आधी उतरली, डिकीतून लुगडं काढून, कागद उलगडून हातावर घेतलं आणि उंबऱ्यापासूनच तिने हंबरडा फोडला. "मंजूऽऽ, मनी मायऽऽ" करत ती आत शिरली आणि मधल्या घरात जाऊन तोंड उघडं ठेवून उभी राहिली.

खाटेवर मंजुळा होती. रंग पांढराफटक, ओठ सुकलेले, पायाखाली विटा देऊन खाट उंच केलेली, खाली रक्ताने भरलेली फडकी. पण डोळे उघडे होते. ती आमच्याकडेच बघत होती.

 आत्याने लुगडं घाईघाईने पदराखाली ओढलं. काकूने आधी लेकीकडे पाहिलं, मग आत्याच्या पदराकडे, मग माझ्याकडे. त्या एका नजरेत तिला सकाळपासूनचं सगळं कळलं.

हिलाल रडकुंडीला येऊन सांगत होता. पहाटेपासून रक्त जातंय. गावच्या डॉक्टरने सलाईन लावून सांगितलं, ताबडतोब धुळ्याला हलवा. गावातली एकुलती जीप लग्नाचं वऱ्हाड घेऊन सुरतेकडे गेलेली. कोणी म्हणालं, हमरस्त्याला नेऊन ट्रक अडवू. बैलगाडीही जुंपली होती. पण मंजुळानेच हट्ट धरला. "ती म्हणे, नानाले फोन करा. नाना दोन तासमा येस. आम्ही म्हणूत, इतल्या लवकर कसा येई? ती म्हणे, तुम्हाले माहीत नही, मना नाना येस."

दुपार झाली तेव्हा त्यांनी बैलगाडी पुन्हा जुंपली होती. पण तोवर मंजुळा एवढी खचली होती की बैलगाडीच्या दणक्यांत वाटेतच जाईल, असं डॉक्टर म्हणाला.

नाना दारातच उभे होते. मंजुळाने मान किंचित वळवली. "उना तू?" एवढंच म्हणाली.

मग मी नाना पाहिले ते आधी कधी न पाहिलेले. त्यांनी तिला दुलईसकट उचललं आणि मागच्या सीटवर ठेवलं. काकू डोक्याशी बसली, मी पायाशी. हिलाल पुढे. आबा दुसऱ्या बाजूने दार उघडायला गेले तर नाना म्हणाले, "तुम्ही राहू द्या." आबांशी ते असं कधी बोलले नव्हते. खाली वाकून त्यांनी पायाखालचा गुटका उपटला आणि अंगणात भिरकावला. तो आबांच्या पायाशी जाऊन पडला.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. आवाज आठवतो. आमच्या त्या म्हाताऱ्या गाडीच्या पोटातून असा आवाज निघाला की हिलालने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. नेर मागे गेलं, कुसुंबा मागे गेलं, ट्रक मागे गेले. काटा पार पलीकडे जाऊन थरथरत होता. काकू लेकीच्या कपाळावरून हात फिरवत होती आणि नानांच्या पाठीकडे बघत होती. गाडीत एवढं बळ होतं तर सकाळी कुठे गेलं होतं, हा प्रश्न तिच्या तोंडावर लिहिलेला होता. धुळ्याच्या सिव्हिलला पोचलो तेव्हा पाण्याची एक वाफसुद्धा निघाली नव्हती.

मंजुळा वाचली. बाळ गेलं. मुलगी होती. रक्त थांबेना म्हणून गर्भपिशवी काढावी लागली. दमलेली एक डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली, "दिवसभर काय करत होता तुम्ही?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली. काकू बाकावर बसली होती. ती नानांना म्हणाली, "सगळास्मा तुम्ही माले एकलीलेच खरं सांगं. पोर बिमार शे म्हणे. ती बिमारच व्हती."

नाना भिंतीला टेकून उभे राहिले ते तसेच.

तिसऱ्या दिवशी मंजुळाला बोलता यायला लागलं. बाळाचं तिला कळलं होतं. नाना कॉटपाशी स्टुलावर बसले होते, मान खाली, हात मांड्यांमध्ये. तीन दिवसांत त्यांनी तिच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता. मंजुळा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "नाना, गाडी बिघडनी व्हती का?"

नानांनी आमच्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे वळले.

"हा, बेटा," नाना म्हणाले. "बिघडनी व्हती."

दुसरं काय सांगणार? तुला मेलेली समजून आम्ही सावकाश आलो, असं कोणाच्या तोंडून निघेल? ते खोटं मग आम्ही सगळ्यांनी उचललं. इसाक बघायला आला तेव्हा मी त्याला दाराबाहेरच सगळं सांगितलं. तो आत जाऊन मंजुळापुढे हात जोडून उभा राहिला, "बेटी, कसूर मेरा है. मेरे हाथसे एक जोड ढीला रह गया." ज्या माणसाने आयुष्यात कधी नट सैल ठेवला नाही, त्याने हे सांगितलं. त्याचे ते जोडलेले हात मला अजून दिसतात.

नानांनी गाडी त्याच्याकडे नेली आणि ते इंजिन काढायला सांगितलं. इसाक म्हणाला, "लोटनभाऊ, इंजनका क्या कसूर?" नाना म्हणाले, "काढ." जुनं इंजिन पुन्हा बसलं, पारोळ्याच्या अलीकडे पुन्हा पाणी उकळायला लागलं. नाना चाळीसने चालवत राहिले, आता गुटक्याशिवाय. ओट्यावरच्या मंडळींची थट्टाही चालूच राहिली. आबांनी त्या दिवशीच्या आवाजाबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. गाडीचा नियम मात्र त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकू आला नाही. त्यांना माफी मागता येत असती तर ती बहुधा एवढीच असती.

हिलालने मंजुळाला सोडलं नाही. सासू कुरकुरत राहिली, पण तो बायकोच्या बाजूने उभा राहिला. पुढे पुतण्याला त्यांनी आपला मानला. दर आखाजीला ती माहेरी यायची, एसटीने.

अठ्ठ्याण्णव साली गाडी भंगारात द्यायची ठरली. आबा वारले होते. नानांना एका डोळ्याने दिसेनासं झालं होतं. आखाजीलाच दोघी माहेरी होतो म्हणून गाडी रिकामी करायचं काम आमच्याकडे आलं. नाना लिंबाखाली खाट टाकून बसले होते. मी डिकी उघडली, स्टेपनी बाजूला सारली आणि माझे हात थांबले. कागद कुजून गेला होता, पण आतला हिरवा रंग दिसत होता. मेल्या माणसासाठी घेतलेलं कापड घरात आणायचं नाही आणि जिवंत माणसाचं असताना टाकायचंही धाडस होईना, म्हणून आत्याने ते त्या दिवशी गाडी धुळ्याला निघता निघता तिथेच कोंबलं होतं. मी घाईने त्यावर गोणपाट ओढलं.

"राहू दे, कला," मंजुळा मागून म्हणाली. "मी देखेल शे ते."

"कधी?"

"त्याच दिवशी. आत्याना हातमा."

 मी बंपरवर बसले. नऊ वर्षं आम्ही सगळ्यांनी जे सांभाळलं होतं, ते तिला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. "मग दवाखान्यात नानांना कशाला विचारलंस, गाडी बिघडली होती का म्हणून?"

मंजुळाने गोणपाट उचललं, लुगड्यावरची धूळ हाताने झटकली, त्याची नीट घडी घातली.

"मंग काय इचारू?" ती म्हणाली. "तीन दिन बाप मान वर करत नव्हता. त्याले काहीतरी बोलाले जागा द्यानी पडे ना."

लिंबाखालून नानांचा आवाज आला, "काही निंघनं का वं डिकीमा?"

मंजुळाने लुगडं पिशवीत घातलं आणि पिशवीचं तोंड बांधलं.

"काही नही, नाना," ती ओरडून म्हणाली. "जुनं गोणपाट शे."